कुशीवर की उताणं?

एक प्रश्न घ्या. वेळ, एक मिनिटापेक्षाही कमी. थायरॉइडचं ऑपरेशन झालेली पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे, नुकतीच वॉर्डात आलीय. तिला कसं ठेवाल? (अ) सपाट, उताणं (ब) पालथं (क) डोकं आणि पाठ ३० ते ४५ अंश उचलून (ड) डोकं खाली, पाय वर.

टेन्शन नको, उत्तर पुढे आहे.

आमच्या सोलापूरच्या घरी सध्या चहासोबत हेच चालतं. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. वय २९. ती 'नॉर्सेट'ची तयारी करतेय. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदांसाठी २०२० पासून ही सामायिक परीक्षा होते. खुल्या गटाला वयाची अट ३०, आणि उत्तर चुकलं की एकतृतीयांश मार्क वजा. थोडक्यात, ताईकडे तुक्के मारायला ना मार्क आहेत ना वर्षं. मी पडले फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या भाषेत 'रिकामीच'! त्यामुळे प्रश्न विचारायची ड्युटी माझी.

मला वाटायचं, हे सगळं पाठांतर असणार. अमुक ऑपरेशन, तमुक पोझिशन. ताई म्हणाली, "तसं केलं तर दहाव्या प्रश्नाला डोकं बंद पडेल. आधी विचार, आता या माणसाला धोका कशाचा? मग विचार, वजन, रक्त, पाणी कुठल्या बाजूला जाणार? ते तर खालीच जाणार ना!"

थायरॉइडचंच बघा. मानेत सूज आली तर श्वास अडतो. म्हणून डोकं उंच, मानेला आधार. उत्तर क. पण खरी गंमत पुढे आहे. जखम पुढे असली तरी रक्त ओघळून मानेमागे साचतं. पुढचं ड्रेसिंग कोरडं दिसतं, म्हणून नर्स मानेखाली हात घालून बघते.

टॉन्सिल काढलेलं, अजून गुंगीत असलेलं मूल? कुशीवर. रक्त तोंडावाटे बाहेर यावं, श्वासनलिकेत जाऊ नये. आणि ते सारखं गिळत असेल तर सावध व्हायचं, रक्त पोटात जात असू शकतं. लिव्हरची बायोप्सी? उजव्या कुशीवर, म्हणजे सुई टोचलेली जागा दाबली जाते. एक पूर्ण फुप्फुस काढलं असेल तर? इथे भले भले फसतात. उताणं, किंवा ऑपरेशन झालेल्या बाजूवर थोडं कलतं. उरलेलं एकुलतं एक फुप्फुस दबलं तर श्वास घेणार कशाने?

पाठ उचलून बसवण्याला 'फाउलर पोझिशन' म्हणतात. जॉर्ज फाउलर हे न्यू यॉर्कचे सर्जन. पोटात पू झालेल्या पेशंटना डोकं आणि धड उंच ठेवायचं, म्हणजे पू खाली ओटीपोटाकडे उतरेल, हे त्यांनी १९०० मध्ये मांडलं. तिथेही तर्क तोच.

मग गेल्या पावसाळ्यात आज्जी बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलावा लागला. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती जमिनीवर बसायला निघाली. "मांडी घातल्याशिवाय घास उतरत नाही गं, बसू दे की!" मामी लगेच पाट मांडायला उठली. ताई नाइट ड्युटी करून आलेली, डोळे लाल. तिने पाट बाजूला सरकवला आणि आज्जीला उंच खुर्चीत बसवलं.

"खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकला तर नवा बॉल निसटू शकतो," ती म्हणाली. "मागून उघडून केलेल्या ऑपरेशनात तर जास्तच."

पायावर पाय नाही, पाय आत वळवायचा नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. परीक्षेच्या पुस्तकात असतं, 'कमी उंचीची खुर्ची टाळा'. आपल्याकडे ती खुर्ची म्हणजे पाट, मोरी आणि देशी संडास. हे भाषांतर ताईने पाच मिनिटांत केलं. संडासात कमोडची खुर्ची आली, आणि रात्री पायांमध्ये उशीऐवजी घट्ट गुंडाळलेली सोलापुरी चादर. आज्जी आठवडाभर रुसली. पण बॉल जागेवर राहिला.

आपण ऑफिसवाले पेशंटला भेटायला जातो ते शहाळं घेऊन, आणि "सर्जन कोण होते?" एवढंच विचारतो. पुढच्या वेळी सिस्टरना तीन प्रश्न विचारा. कसं झोपवायचं? किती दिवस? आणि का? तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका. घरी गेल्यावर पाट कुणी मांडला तर तेच कामी येतं.

ताईचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. वयाच्या हिशेबात बहुतेक शेवटचा. आज्जी आता काठी घेऊन चालते आणि प्रश्न तीच विचारते. पर्याय मात्र सांगत नाही.