डोंगर चढायला पैशे देता व्हय?

मुंबईत वसंत येतो का हो? ऑफिसात कुणालाही विचारून बघा. जानेवारीत स्वेटर कपाटातून बाहेर येतो न येतो तोच परत आत जातो, फेब्रुवारीत अप्रेझलचे फॉर्म येतात आणि मार्चमध्ये एसी सोळावर! मधे वसंताला बसायला जागाच नाही. आमच्या प्रभादेवीत तर काचेच्या टॉवर्समध्ये ऋतू कळतो तो फक्त फळवाल्याकडच्या आंब्याच्या पेट्यांवरून.

पण फाल्गुनातल्या एखाद्या रविवारी दादरहून पहाटेची कर्जत लोकल पकडा. बदलापूर मागे पडेपर्यंत उजाडतं आणि खिडकीबाहेर काटेसावर दिसायला लागते. अंगावर एक पान नाही नि फुलं लालबुंद, मुठीएवढी. पुढे पांगारा, मग पळस. नेरळला उतरून पेबच्या वाटेला लागलात की करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास येतो आणि तांबट पक्ष्याचं 'टुक टुक' दुपारपर्यंत पाठ सोडत नाही. कुसुंबाची कोवळी पालवी लांबून बघितली तर फुलंच वाटतात. पेबवरून पुढे निघालं की 1907 साली सुरू झालेल्या माथेरानच्या मिनी ट्रेनच्या रुळांवर पोचता येतं.

आपल्याकडे ट्रेक म्हणजे जुलै, धबधबा, मॅगी आणि कांदाभजी. त्या दिवसांत पेबच्या वाटेवर दादरच्या पुलावर असते तेवढी गर्दी, वर धबधब्यांवर बंदीचे आदेश. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, मान्य. पण सगळं हिरवं गच्च झाल्यावर त्यात वेगळं असं काय दिसतं? पानं झडली की वाटा दिसतात, घरटी दिसतात, कुठल्या वाडीतली बाई किती लांबून पाणी आणते तेही दिसतं. म्हणून माझं मत कायम फाल्गुन-चैत्राला. अट एकच, ऊन. उजाडता उजाडता चढायला लागायचं, टोपी घालायची, माणशी तीन लिटर पाणी घ्यायचं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत उतरणीला लागायचं.

हे सगळं मी घरी रंगवून सांगायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "डोंगर चढायला पैशे देता व्हय?"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. अण्णा सातारा जिल्ह्यातल्या जावळीचे. 1978 मध्ये सतराव्या वर्षी मुंबईत आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि त्यातली कितीतरी गावाकडे परतली. अण्णाही गेले. दोन पावसाळे गावी काढून परत आले ते वॉचमन म्हणून. गिरणीत पुन्हा पाऊल ठेवता आलं नाही. (माझं ऑफिस आहे तिथेही पूर्वी गिरणीच होती. त्यांची नाही, दुसरी.) त्या दोन वर्षांबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. अण्णांच्या लेखी डोंगर म्हणजे नोकरी गेल्यावर जायची जागा. तिथे मी रविवारी शूज घालून, वर्गणी काढून जाते, हे त्यांच्या हिशेबात बसणार कसं?

गेल्या फाल्गुनात मोबाइलवर पळसाचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "शिमगा आला की. म्या येऊ का?"

पोरांनी त्यांच्यासाठी गाडी केली. पहाटे चारला निघून कर्जतमार्गे आंबिवली आणि तिथून पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड. चढ काही जीवघेणा नाही. अण्णा पांढरा शर्ट आणि चपला घालून आले होते. टीममधल्या एकाने त्यांना ट्रेकिंग पोल देऊ केला. त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि परत दिला. अर्ध्या तासात आम्ही सगळे त्यांच्या मागे!

एका वळणावर समोरच्या उतारावरून धूर वर चढताना दिसला. "वणवा! फॉरेस्टला फोन करा," म्हणत दोघांनी मोबाइल काढले. अण्णा थांबून नीट बघत राहिले.

"वणवा न्हवं त्यो. राब हाय."

मग एका दगडावर बसून त्यांनी आमचा क्लासच घेतला. भाताचं किंवा नाचणीचं रोप जिथे तयार करायचं तेवढ्या तुकड्यावर शेण, पाचोळा, झाडाच्या बारीक फांद्या यांचे थर घालायचे, वर माती पसरायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. तणाचं बी जळून जातं, राखेचं खत होतं, जूनमध्ये त्याच जागेवर पेरणी. राबाला कड असते. आग बाहेर जाऊ नये म्हणून भोवतीचं गवत आधी साफ केलेलं असतं, आणि माणूस शेजारी उभा असतो. वणव्याला कड नसते. थोडं पुढे तोही बघायला मिळाला, विझलेला. अख्खा उतार काळा, करवंदीच्या जाळ्यांचे नुसते सांगाडे. कुणीतरी टाकलेली पेटती विडीसुद्धा एवढं करायला पुरते.

"संपात ह्येच केलं म्या," अण्णा मधेच म्हणाले. "पैल्या वर्साला राब भाजाय गेलो तर हाताला फोड. चार वर्सं साच्यावर उभा ऱ्हाऊन हात मऊ पडल्याले. थोरला हसला मला. म्हनला, मुंबईनं बाई केली तुझी."

सगळे हसले. अण्णाही हसले. मी मात्र त्यांच्या हातांकडे बघत राहिले.

पेठ गावाच्या वर, सुळक्याच्या पायथ्याशी गुहा आहे. तिच्यातले कोरीव खांब निवांत बघण्यासारखे. शेजारून सुळक्याच्या आतून खोदलेल्या पायऱ्या वर जातात. अख्खा दगड पोखरून जिना केलाय! माथ्यावरून भीमाशंकरची रांग आणि पदरगड दिसतो. अण्णा गुहेपाशीच बसले. आम्ही उतरून आलो तेव्हा गावातल्या एका आजींशी त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. विषय, विहिरीला पाणी कुठवर पुरेल. आमच्यातल्या एकाने रिकामी बाटली पुढे केली, तर अण्णांनी हातानेच थांबवलं. "फाल्गुनात पाव्हन्यानं पानी मागू ने. आपलं आपन आनायचं." तीन लिटरचा नियम माझा होता, त्यामागचं कारण त्या दिवशी कळलं.

एवढं लांब जमणार नसेल तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून चालत कान्हेरीला जा. शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि पावसाचं पाणी साठवायला जागोजागी खडकात खोदलेली टाकी. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. लेणी खोदणाऱ्यांनाही फाल्गुन माहीत होता. किंवा पनवेलजवळचं कर्नाळा. अंगठ्यासारखा सुळका, खाली पक्षी अभयारण्य, आणि झाडी दाट असल्यामुळे बराचसा चढ सावलीतून.

अण्णांनी पेठच्या गाडीचा त्यांचा वाटा दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात ठेवला. त्यानंतर चैत्रात पेब झाला, माथेरान झालं. कर्नाळ्याला मात्र ते यायला तयार नाहीत. तिथे आत जायला तिकीट लागतं.