नायकाचं उघडं डोकं

"काय रे, इतक्या गोळ्या सुटून राहिल्या अन् या बापड्याच्या डोक्यावर काहीच कसं नाही?"

आजीच्या या प्रश्नानं नातू क्षणभर गोंधळला. रविवारची दुपार होती. कूलरची घरघर चालू होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक धिप्पाड तरुण पडक्या देवळाच्या पायऱ्यांवरून पळत होता आणि दहा-बारा शत्रू त्याच्यावर गोळ्या झाडत होते. शत्रूंच्या अंगावर चिलखत होतं, डोक्यावर हेल्मेट होतं. या एकट्या वीराच्या अंगावर मात्र अर्ध्या बाह्यांचा मळका शर्ट आणि डोक्यावर भुरभुरणारे केस, एवढाच काय तो बंदोबस्त!

"आजी, तो हीरो आहे," नातू म्हणाला.

"मग? हीरोला डोकं नसतं का?"

दारात चपला काढणारे बाबा हे ऐकून मोठ्यानं हसले. पण हसता हसता त्यांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथं एक पिवळं हेल्मेट टांगलेलं आहे. त्याच्या माथ्यावर एक खोलगट खूण आहे आणि खुणेपासून कानापर्यंत गेलेली बारीक चीर.

हे कुटुंब रायपूरचं. तात्यापारा ही तिथली मराठी घरांची जुनी वस्ती. तिथं तीन पिढ्या काढून ही मंडळी शहराच्या उत्तरेला, बिरगावच्या बाजूला राहायला आली, कारण बाबांची नोकरी उरल्याची. छत्तीसगडात उरला म्हटलं की लोखंड आलंच. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिल उभ्या आहेत. भट्टीतून निघालेला लालभडक लोखंडी ठोकळा रोलरांच्या एका जोडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा धावत जातो आणि शेवटी सळई होऊन बाहेर पडतो. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये असते तीच सळई. उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि आत भट्टी. तरीही डोक्याला गमछा गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवल्याशिवाय तिथं कामावर उभं राहता येत नाही.

खिळ्यावरचं हेल्मेट बाबांचंच. काही वर्षांपूर्वी वरच्या क्रेनचा एक नट सुटून खाली आला तो थेट त्यावर. बाबा दोन मिनिटं खाली बसले, पाणी प्यायले आणि उठले. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. वरून धड दिसलं तरी आतून ते खचलेलं असतं. म्हणून त्यांना नवं मिळालं आणि जुनं ते घरी घेऊन आले. आईनं ते पाहिलं, काही न बोलता पुसलं आणि खिळ्याला लावलं. आजीला मात्र "जुनं झालं, बदललं" एवढंच सांगितलेलं आहे.

तेव्हा आजीचा प्रश्न साधा असला तरी या घरात तो काही अगदीच गमतीचा नव्हता.

चेहरा दिसायला हवा

खरंच, खेळातल्या नायकाचं डोकं उघडं का असतं? याचं पहिलं उत्तर अगदी सरळ आहे. आपल्याला त्याचा चेहरा हवा असतो. चेहरा झाकला की माणसाचं दुःख, राग, भीती सगळंच झाकलं जातं. चेहरा नसलेल्या माणसाबद्दल जीव तुटत नाही. म्हणूनच शत्रूंच्या डोक्यावर हेल्मेट असतं. त्यांचा चेहरा दिसला, त्यातला एखादा कुणाचा तरी बाप किंवा भाऊ वाटला, तर खेळणाऱ्याचा हात अडखळेल. हेल्मेटखाली सगळे सारखेच, बिननावाचे. मेले तरी मोजायचे फक्त.

१९९३ साली आलेल्या 'डूम' या गाजलेल्या खेळात तर याची गंमतच आहे. खोक्यावरच्या चित्रात सैनिकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे. प्रत्यक्ष खेळताना मात्र पडद्याच्या तळाशी त्याचा चेहरा दिसत राहतो, आणि तो उघडा! मार बसेल तसा तो चेहरा रक्तानं माखत जातो. आपला गडी किती जखमी झाला, हे आकड्यांआधी त्याच्या तोंडाकडे पाहून कळावं, अशी ही सोय. आजारी मुलाच्या अंगाला थर्मामीटर लावण्याआधी आई त्याच्या तोंडाकडे पाहते, तसंच हे.

दुसरं कारण चित्रकाराच्या सोयीचं. जगप्रसिद्ध मारिओ १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळात पहिल्यांदा दिसला. त्या काळी पडद्यावर मोजकेच ठिपके मिळत. तेवढ्यात केस काढणं अवघड, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी त्याला टोपी घातली. नाक उठून दिसावं म्हणून मिशी दिली. ती टोपी डोकं वाचवायला नव्हती, केस काढायचे कष्ट वाचवायला होती! पुढं ठिपके वाढले, यंत्रं ताकदवान झाली आणि नायकाचा केस न् केस दाखवता येऊ लागला. १९९६ साली आलेल्या 'टूम रेडर'मधल्या लारा क्रॉफ्टची वेणी हीच तिची ओळख ठरली. अशा खेळांत आपण बहुतेक वेळ नायकाच्या पाठीमागूनच चालत असतो. पाठमोऱ्या माणसाला ओळखायचं कशावरून? त्याच्या केसांवरून. ते हेल्मेटखाली गेले की आपला माणूस गर्दीत हरवला.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. त्याला हेल्मेटची गरजच नसते! गोळी लागली, तो पडला, तर खेळ पुन्हा सुरू करायचा. गेल्या पिढीतल्या मुलांनी टीव्हीला जोडून 'काँट्रा' नावाचा खेळ खूप खेळला. त्यातले दोघे वीर तर उघड्या अंगानंच लढत. एक गोळी लागली की जीव गेला, पण शिल्लक जीव असत ना! शिल्लक जीव असला की डोकं झाकण्याची चिंता कुणाला?

कवचकुंडलं देणारा

पण हा दोष एकट्या खेळ बनवणाऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. उघड्या डोक्याच्या वीरावर आपण फार आधीपासून भाळलो आहोत. आपल्या मनातला कर्ण मोठा होतो तो कवचकुंडलं असताना नव्हे, ती अंगावरून सोलून देतो तेव्हा. संरक्षण टाकून देणं म्हणजे थोरपण, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चक्रव्यूहात शिरलेल्या अभिमन्यूला शेवटचा घाव बसला तो दुःशासनाच्या मुलाच्या गदेचा, आणि तोही डोक्यावर. गोष्ट सांगताना आपण त्याच्या धाडसापाशी थांबतो, डोक्यापाशी थांबत नाही.

सिनेमानं हेच पुढं चालवलं. १९७५ च्या 'शोले'त जय आणि वीरू गाणं म्हणत मोटरसायकलवरून निघतात, त्यांच्या डोक्यावर वाऱ्याखेरीज काही नाही. उलट २००४ च्या 'धूम'मध्ये मोटरसायकलवरून चोऱ्या करणारी टोळी मात्र हेल्मेट घालते, कारण त्यांना चेहरा लपवायचा असतो. म्हणजे पडद्यानं आपल्याला शिकवलं काय? झाकलेलं तोंड चोराचं, उघडं तोंड नायकाचं!

क्रिकेटच्या मैदानावरही एके काळी हेच होतं. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. शस्त्रक्रिया झाली, प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी स्वतःचं रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यात रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहिले. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी ते गेले. मैदानात शिल्लक जीव नसतो.

मंदिलाखालचा टोप

मग चेहरा उघडा आणि डोकं सुरक्षित, असं जमतच नाही का? जमतं. जमवणारा माणूस तर प्रत्येक मराठी घरात भिंतीवर आहे.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटायला निघाले. भेट स्नेहाची ठरलेली, म्हणजे चिलखत घालून उघड उघड जाणं शक्य नाही. पण समोर कोण आहे, हे महाराज ओळखून होते. जदुनाथ सरकारांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसाचा पोशाख दिला आहे. अंगरख्याच्या आत जाळीचं चिलखत आणि पगडीच्या आत पोलादी टोप. बाहेरून पाहणाऱ्याला पाहुण्याचा पोशाख, आत पुरती तयारी. ही भीती नव्हती. उद्याचं राज्य या डोक्यावर उभं आहे, याची जाण होती.

सुनील गावस्कर यांचंही असंच. जगातल्या वेगवान गोलंदाजांपुढं ते वर्षानुवर्षं हेल्मेटशिवाय उभे राहिले. १९८३ साली गयानात माल्कम मार्शलचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. त्याच डावात त्यांनी नाबाद १४७ धावा केल्या, त्या कौतुकाच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. पण त्याच वर्षी त्यांच्या टोपीखाली डोक्याला घट्ट बसणारं एक कवच आलं, हे कुणी फारसं सांगत नाही. धाडसाची गोष्ट तोंडोतोंडी जाते, शहाणपणाची टोपीखालीच राहते.

हँडलवरचं हेल्मेट

आजीच्या प्रश्नावर नातवाकडे एक उत्तर होतं. त्यानं मोबाइल काढला. "हे बघ, आमच्या या गेममध्ये सगळे हेल्मेट घालतात." हा खेळ आधी पब्जी म्हणून गाजला. २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि २०२१ पासून तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावानं परतला. त्यात खाली उतरलं की आधी घराघरांत शिरून हेल्मेट शोधायचं. पहिल्या लेव्हलचं हेल्मेट डोक्यावरचा मार ३० टक्के कमी करतं, दुसऱ्याचं ४० आणि तिसऱ्याचं ५५. तिसऱ्या लेव्हलच्या हेल्मेटसाठी तर मित्र मित्राशी भांडतो.

"अस्सं!" बाबा म्हणाले. "आणि काल संध्याकाळी रिंग रोडवर हँडलला हेल्मेट अडकवून कोण जात होतं? ते कितव्या लेव्हलचं?"

नातू गप्प झाला. केस बसतात, गरम होतं, मित्र हसतात, अशी त्याची कारणं तयार होती. पण खरं कारण तोच जाणत होता. कॉलेजच्या रस्त्यावर आपला चेहरा दिसावा, आपण ओळखू यावं! म्हणजे खेळ बनवणाऱ्यांचं कारण आणि अठरा वर्षांच्या मुलाचं कारण एकच निघालं.

पण मुलगाही त्यांचाच. तो हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही तर मिलचंच हेल्मेट घालून स्कूटरवरून येता. पट्टासुद्धा लावत नाही."

आता गप्प व्हायची पाळी बाबांची होती. उरल्याच्या रस्त्यावर शिफ्ट सुटली की अशी कितीतरी पिवळी हेल्मेटं दुचाकीवरून घरी जाताना दिसतात. पोलीस अडवत नाही, डोक्यावर काहीतरी आहे एवढं समाधान मिळतं. पण कारखान्याचं हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं. आतल्या पट्ट्यांवर ते मार झेलतं. कानशिलं आणि मागचा भाग त्यात उघडाच असतो, आणि पडताना ते डोक्यावर राहीलच याचा भरवसा नाही. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये कठीण कवचाच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो थर चेपतो आणि मेंदूला बसणारा हिसका स्वतःवर घेतो. म्हणून दोघांची मानकंही वेगळी. कारखान्याच्या हेल्मेटसाठी आयएस २९२५, दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१. घेताना आतला शिक्का पाहावा आणि पट्टा हनुवटीखाली लावावा. सैल हेल्मेट डोक्याआधी उडून जातं.

कायदा मोटार वाहन अधिनियमाच्या १२९ व्या कलमात आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये. पण दंडापेक्षा मोठा आकडा वेगळाच आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली १४,३३७ मागं बसलेली होती. मोटरसायकलस्वारांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे साधं दुकानातलं हेल्मेटसुद्धा खेळातल्या त्या मौल्यवान हेल्मेटच्या रांगेत बसतं. फरक एवढाच, की ते शोधत फिरावं लागत नाही. ते हँडललाच लटकत असतं.

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. खिळ्यावरचं जुनं हेल्मेट काढून तिनं ते मुलाच्या हातात दिलं. त्यानं खोलगट खुणेवर अंगठा ठेवला. अंगठा आत बसला. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग आजीकडे. आजीनं चष्मा वर केला, हेल्मेट जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ ती चीर पाहत राहिली. "जुनं झालं, बदललं" या वाक्याचा अर्थ तिला तेव्हा कळला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू कॉलेजला निघाला. हेल्मेट हातात होतं, पण सवयीनं हात हँडलकडे वळला. आजी ओट्यावर तुळशीला पाणी घालत होती.

"घाल रे बाबा," ती म्हणाली.

"आजी, चेहरा दिसत नाही ना मग."

"तुझा चेहरा पाहायला आम्ही घरी बसलो आहोत ना," आजी म्हणाली. "संध्याकाळी येऊन दाखव."