हरवलेला ‘फकिरा’

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढले आणि घाईत आमच्या हातून चूक झाली. माळ्यावरच्या ट्रंकेतले गठ्ठे न पाहताच रद्दीवाल्याला दिले. रात्री आईने विचारले, "दादांचं पुस्तक कुठं ठेवलंस?" आमचे पाय गळाले.

दादा रेल्वेत गँगमन. रात्रशाळेत अक्षरे गिरवून शिकलेले. पगारातून घेतलेले त्यांचे पहिले पुस्तक अण्णा भाऊंचा ‘फकिरा’. वाटेगावच्या या लेखकाने १९५९ साली आलेली ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. त्याच पानावर खाली दादांनी आपली सही केली होती.

रद्दीवाल्याने स्टेशनकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा पत्ता दिला. रविवारी गेलो. काय नव्हते तिथे! मिरजेत दवाखाने आणि मेडिकल कॉलेज, म्हणून शरीरशास्त्राचे जाडजूड ग्रंथ नि नर्सिंगच्या वह्या. सीमा जवळ, म्हणून कन्नड कादंबऱ्या. तंतुवाद्यांचे गाव, म्हणून रागांच्या स्वरलिपी. खाली बारावीची गाईडे, कव्हर गेलेले दिवाळी अंक, कुणाची तरी लग्नपत्रिका. धुळीने शिंका येत होत्या, तरी उठवेना. ज्यासाठी आलो ते विसरून आम्ही तासभर भलतेच चाळत बसलो, हे कबूल केले पाहिजे.

बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये असेच जुनी पुस्तके धुंडाळत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१७ साली ते परतले, तेव्हा दुसऱ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान, त्यातल्या ग्रंथांसह, पाणतीराच्या माऱ्याने बुडाले. युद्धाने नेले ते. आमचे आम्हीच वजनावर विकले!

‘फकिरा’ मिळाला नाही. मिळाले ते आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’. आत एका अनोळखी गृहस्थाचे नाव, तशाच थरथरत्या अक्षरांत. दुकानदाराने तीस रुपये मागितले. आम्ही घासाघीस केली नाही.

घरी आईने ते नाव बोटाने चाचपले. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "ही दादांची सही नव्हं."

"नाही."

"मग कुणाची तरी पोरं हुडकत असतील. सांगून ठेव दुकानात."

सोमवारी आमचा फोन नंबर दुकानदाराकडे ठेवून आलो.