पाच कामं, एक दांडा

सोलापूर,
जूनचा पहिला आठवडा

चि. बाळास,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो पोचले. ओहायोतल्या कुणा म्हाताऱ्याच्या गॅरेजमधून तू काडतुसं भरायचं जुनं प्रेस उचलून आणलंस, हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आत्याला कळलं तर ती आधी उपास धरेल आणि मग मला धरेल. या गावाला गोळीचं नाव काढलेलं सोसत नाही. 1930 च्या मे महिन्यात इथे पोलिसांनी गर्दीवर गोळीबार केला, मग मार्शल लॉ आला आणि पुढच्या जानेवारीत चौघे फासावर गेले. चार हुतात्म्यांचे पुतळे ओलांडूनच आपण बाजारात जातो. तू तिकडे कायद्याने चालणाऱ्या क्लबात कागदी निशाणावर नेम धरतोस, एवढं मला समजतं. आत्याला समजावणं तुझ्याकडे.

तू विचारलंस, की काका, आयुष्यभर तुम्ही मागावर जॉबरकी केली, तर हे यंत्र कसं उघडावं आणि कसं चालवावं ते सांगा. बंदुकीतलं मला काही कळत नाही. यंत्रातलं कळतं. तुझे फोटो मोठे करकरून पाहिले, तू पाठवलेली पुस्तिका नातवाकडून वाचून घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की हे आपल्याच जातीचं यंत्र आहे.

आपल्याकडे असं काही घरी ठेवायची सोय नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात खडकीला आणि भुसावळजवळच्या वरणगावला सरकारी कारखान्यांत काडतुसं होतात. खडकीचा कारखाना 1869 चा, म्हणजे सोलापूरच्या जुन्या गिरणीहूनही वयाने थोडा मोठा. आणि आपले नेमबाज, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत काय किंवा पॅरिसला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे काय, ज्या बावीस बोअरच्या रायफलीने खेळतात तिचं काडतूस पुन्हा भरताच येत नाही. त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, कड एकदा ठेचली की संपलं. तुझ्या पिस्तुलाच्या पुंगळीला मात्र मधोमध वेगळी टोपी बसते. टोपी बदलता येते, म्हणून पुंगळी पुन्हा वापरता येते, आणि त्यातूनच तुझ्या यंत्राचा जन्म.

त्या टोपीची गंमत नातवाने वाचून दाखवली. एक पद्धत बर्डन नावाच्या अमेरिकनाची, दुसरी बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. झालं उलटंच: अमेरिकनाची पद्धत युरोपने घेतली आणि इंग्रजाची अमेरिकेने. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असतं, त्यातून सुई घालून जुनी टोपी एका दाबात बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीला बाजूला दोन बारीक भोकं, तिथे सरळ सुई चालत नाही. तुमच्याकडे घरोघरी पुंगळ्या भरायचा छंद फोफावला त्याच्या मुळाशी हे एक भोक आहे.

आता यंत्राकडे येतो. सॅन डिएगोच्या स्टार मशीन वर्क्सचा हा माल ओतकामाला आणि घडणीला फार चांगला दिसतो. गंज वरवरचा आहे, आतलं तेल मात्र वाळून लाखेसारखं झालंय. आधी काही सोडू नकोस. दांडा सावकाश खाली-वर कर आणि कुठे अडतं, कुठे ढिलं पडतं, कुठे दोन भाग एकमेकांची वाट पाहतात ते बघ. बंद माग विकत घ्यायला गेलो की आम्ही पहिल्यांदा चाक हाताने फिरवायचो. खोलल्यावर प्रत्येक भाग सुटाच असतो, कुणाचं कुणाशी भांडण आहे ते कळत नाही.

मग फोटो काढत काढत खोल. ज्या क्रमाने सुटेल त्याच क्रमाने भाग थाळीत मांड, आणि स्प्रिंग कुठल्या तोंडाने बसली होती ते लिहून ठेव. वाळलेलं तेल डिझेलमध्ये रात्रभर भिजवून मऊ कर. घासायचंच असेल तर बाहेरच्या अंगाला घास. जिथे लोखंड लोखंडावर सरकतं तिथे पॉलिश पेपर लावू नकोस. आपल्याला ते चकचकीत दिसतं, पण त्या दोन पृष्ठभागांमधलं माप गेलं की परत येत नाही. झिजलेली पिन नवी कर, बुश झिजला असेल तर लेथवाल्याकडून गनमेटलचा करून घे. रंग मूळचा आहे तसाच राहू दे.

एक इशारा बोल्टांबद्दल. आपल्या जुन्या लँकेशायरच्या मागांना व्हिटवर्थचे आटे, कोन 55 अंश. तुमच्याकडे 60 अंश. दोन सुती आणि तीन सुती बोल्टांना इंचामागे आट्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे चुकीचा बोल्टही लागतो, फिरतो आणि नीट बसल्यासारखा वाटतो. चार सुतीला मात्र व्हिटवर्थचे 12 आटे आणि अमेरिकन 13, तो दोन वेढ्यांतच अडतो. अडणारा बोल्ट परवडला, चोरून बसणारा नको. जुन्या मालकाने काय कोंबलंय ते थ्रेड गेज लावून बघ, पान्याला विचारू नकोस.

पितळेबद्दलही लिहितो, कारण ती गोष्ट आपल्या पावसाळ्याची आहे. पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या छावण्यांत काडतुसांच्या पेट्या पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवत. हंगाम सरला की कुणी हातही न लावलेल्या पुंगळ्या चिरलेल्या निघत. ओढून बनवलेल्या पितळेत आधीच ताण कोंडलेला असतो. पागेतल्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा मिळाली की पितळ त्या ताणाच्या रेषेवर फाटतं. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी याचा उलगडा केला. तोवर लोक ऋतूला दोष देत होते. तेव्हा पितळेची भांडी लखलखीत करणाऱ्या ज्या पॉलिशला अमोनियाचा वास येतो, ते तुझ्या पुंगळ्यांना लावू नकोस. आणि प्रत्येक वेळी उडवल्यावर पुंगळी फुगते, तिला मापात आणणाऱ्या डायमधून गेल्यावर आवळली जाते, या ये-जा करण्यात पितळ कडक होत जातं. तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी ती पुंगळी भंगारात टाक.

आता मुख्य गोष्ट. साध्या प्रेसवर एका दाबात एकच काम होतं. तुझ्या प्रेसवर दांडा एकदा ओढला की फिरत्या चकतीवरच्या वेगवेगळ्या पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं एकदम होतात: इथे जुनी टोपी पडते आणि पुंगळी मापात येते, तिथे नवी टोपी बसते, पुढे दारू पडते, त्यापुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. चकती एकदा पुरी भरली की दर ओढीला एक तयार काडतूस. मागाचंही तेच. एका फेऱ्यात उभे धागे उघडतात, धोटा जातो, फणी मारते, कापड गुंडाळलं जातं. मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे, आणि बघणाऱ्याला दिसतो फक्त खडखडाट.

अशा यंत्राचा धोका असा, की पाचातलं एक काम चुकलं तरी उरलेली चार बिनचूक होतात आणि माल वरून चांगलाच दिसतो. तुझ्या यंत्रात दारू पडायची राहिली तर टोपीच्या ताकदीने गोळी सरकते आणि नळीतच अडकते. मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फुटते. दारू दोनदा पडली तर त्याहून वाईट, कारण पिस्तुलाची दारू थोडी लागते आणि दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते. वरून गोळी बसली की आत काय आहे ते काडतूस सांगत नाही.

मागवाल्यांनी याच दुखण्यावर औषध शोधलं. आपल्या मागाला बाजूला एक बारका काटा असतो, त्याला आम्ही फोर्क म्हणतो. आडवा धागा जागेवर असला की तो फोर्कला हलवून वाट मोकळी करतो. धागा तुटला की फोर्क हलत नाही, हातोडीच्या तावडीत सापडतो आणि माग बंद पडतो. म्हणजे आम्ही लोखंडाला धागा नसणं ओळखायला शिकवलं. जपानात साकिची तोयोदाने 1896 मध्ये असाच आडवा धागा संपताच थांबणारा यंत्रमाग केला. 1924 चा त्याचा स्वयंचलित माग इतका सरस निघाला की मागांचं माहेरघर असलेल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये एक लाख पौंडांचा करार करून त्याचे हक्क घेतले. मोटारींचा टोयोटा याच घराण्यातला. चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावं, हा त्यांच्या कारखान्यांचा नियम मागावरून मोटारींत गेला.

तुझ्या जुन्या प्रेसला फोर्क नाही. दारू पडली नाही म्हणून ते थांबणार नाही, दोनदा पडली म्हणून ओरडणार नाही. नव्या यंत्रांना दारूची पातळी चुकली की दांडाच अडवणारे डाय मिळतात. तुझ्या यंत्रात तो फोर्क तूच. म्हणून एवढं करच: गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीच्या तोंडातून आत बघायचं. दिवा असा लाव की उजेड सरळ बुडाशी पडेल. मध्येच फोन आला, कुणी हाक मारली, दांडा अर्ध्यात अडला, तर ती चकती पुरी रिकामी करायची आणि नव्याने सुरू करायचं. ‘इथपर्यंत झालं असेल’ हे वाक्य त्या टेबलापाशी बोलायचं नाही. टोप्या अडकल्या तर ठोकायच्या नाहीत, एक पेटली की टोप्यांच्या नळीतल्या सगळ्या पेटू शकतात. डोळ्यांवर चष्मा, टेबलावर एका वेळी एकच डबा दारूचा, आणि वजनं पुस्तिकेतली, ऐकीव नव्हेत.

आणि पहिल्यांदा एका वेळी एकच पुंगळी पाचही ठिकाणांहून फिरव. नव्या पोराला आम्ही चालू माग कधी देत नसू. आधी कांड्या भरायच्या, मग तुटलेले उभे धागे वईतून ओवायचे, मग धोटा बदलायचा. पाच कामं एकदम करणारं यंत्र त्याच्याच हातात शोभतं ज्याला ती पाच सुटी येतात. ओढताना हाताला जो दाब लागतो तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. टोपी बसल्याचा दाब एकदा ओळखीचा झाला की न बसलेली टोपी दांड्यातूनच कळेल.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, की हे यंत्र तासाला शेकड्यांनी काडतुसं काढतं. ते वाचून मला आमची मजुरी आठवली. आम्हाला नगावर पैसे, चादर जितकी उतरेल तितके. त्या हिशेबात फोर्कला सुतळीने बांधून माग पळवणारे मी पाहिले आहेत. थांबणाऱ्या मागाने चूक दाखवली तरी पोटाला तो वैरीच वाटायचा. खराब निघालेल्या चादरीचे पैसे कापले जायचे, पण चादरीने कुणाचा हात गेला नाही. तुझ्या चुकीची कपात तशी स्वस्त नाही. आणि तुला तर नगावर कुणी मजुरी देत नाही, तुझ्यामागे मुकादम नाही, संध्याकाळी मोजणी नाही. यंत्र करणाऱ्याने त्यात वेग भरला तो ज्यांना वेग विकायचा होता त्यांच्यासाठी. तू तो सगळा वापरायलाच पाहिजेस असा करार तुझ्याकडून कुणी लिहून घेतलेला नाही. दांड्याने वाचवलेले कष्ट नजरेच्या खात्यात जमा कर, तासाला पन्नास निघाली तरी पुरे.

यंत्र जोडून झालं की दारू न घालता, टोप्या न लावता नुसत्या पुंगळ्या फिरवून दाखव, व्हिडिओ पाठव. नंतर क्लबातल्या जुन्या जाणत्याला शेजारी बसवूनच पहिली भरती कर. तो ‘थांब’ म्हणाला तर थांब, वाद नंतर घालता येतो.

कळावे.

तुझा काका

ता.क. आत्याने पाकीट पाहिलंच. यंत्र कसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, एका ओढीत पाच कामं करतं. ती म्हणाली, मग त्याला सूनबाईच्या हाताखाली दे. तुझं तू बघ.