अनाहूत श्रोता

जेद्दाच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर, तांबड्या समुद्राच्या काठी, राबिघ नावाचे जे बंदर आहे, त्याची ख्याती यात्रेकरूंत एक आणि आम्हां चाकरमान्यांत दुसरी. उत्तरेकडून मक्केस जाणारे भाविक त्याच्या परिसरात, जुहफाच्या प्राचीन हद्दीपाशी, इहराम धारण करतात. आम्ही मात्र नव्वदीच्या दशकात तेथे तेलशुद्धीकरणाच्या धंद्यापायी, कराराची मुदत मोजीत मुक्काम ठोकला होता. पाळी संपल्यावर उरणाऱ्या दीर्घ संध्याकाळी करमणुकीचे साधन म्हणजे पत्ते, नाही तर ट्रान्झिस्टर. पत्त्यांत मला गती नव्हती.

मध्यम लहरींचा काटा टोकाकडे सरकू लागला की 1521 किलोहर्ट्‌झवर दुबाचे सौदी केंद्र असे काही गर्जे, की आजूबाजूच्या क्षीण केंद्रांनी तोंड काढण्याची सोयच नसे. दुबा राबिघहून वायव्येस सुमारे सहाशे किलोमीटर, त्याच किनाऱ्यावर. आणि प्रक्षेपकाची शक्ती 2000 किलोवॉट, म्हणजे मुंबईच्या 100 किलोवॉटांच्या वीसपट. अटलांटिकपलीकडचे हौशी श्रोते रात्री हेच केंद्र प्रथम शोधतात आणि ते लागले की आज पूर्वेकडची वाट मोकळी आहे असा कौल घेतात. एवढ्या आवाजाची गरज राज्यकर्त्यांना का भासावी, याचे उत्तर समुद्राच्या पलीकडे सापडते: 1953 साली कैरोहून 'अरबांचा आवाज' सुरू झाला आणि दुसऱ्याच्या मुलखात आपला शब्द पोचविण्याची चढाओढ या प्रदेशात रूढ झाली. आमच्या सरकारनेही राजकोटला 1071 किलोहर्ट्‌झवर 1000 किलोवॉटांचा प्रक्षेपक उभारून सरहद्दीपलीकडे उर्दू आणि सिंधी बोलणे चालविले होतेच. राजकोट जवळजवळ राबिघच्याच अक्षांशावर असल्याने तो आवाज सरळ पश्चिमेची वाट धरून आमच्यापर्यंत येई.

मला मात्र हवे होते ते 558 किलोहर्ट्‌झवरचे, साडेतीन हजार किलोमीटरांवरचे मुंबई 'ब'. येथे शक्तीपेक्षा काळोखाचा अंमल मोठा. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि वरचे थर त्याच लहरी पृथ्वीकडे परतवितात. कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांनी ज्या विषयाला आयुष्य वाहिले आणि ज्यावर 1947 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तो हाच. परंतु परतीची ही वाट दोन्ही टोकांना काळोख असल्याखेरीज उघडत नाही. हिवाळ्यात राबिघला पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होई, तेव्हा मुंबईत सव्वाआठ वाजून गेलेले असत. म्हणजे शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, संध्याकाळच्या बातम्या, सारे आटोपलेले. उरे ते रात्रीचे गायन, एखादे नाटक आणि फर्माइशीची गाणी. तेही आमच्या साडेआठला, मुंबईच्या अकराला, संपुष्टात येई.

या अवधीत संच नुसता टेबलावर ठेवून भागत नसे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी असते. तिचे टोक ज्या केंद्राकडे होते ते केंद्र मंदावते आणि बाजूकडचे खुलते. 558 वर दुसऱ्याच कुणाची कुरकुर सुरू झाली की मी संच हळूहळू वळवी, आणि अमुक कोनात आला की त्याखाली वहीचा पुठ्ठा सारून तो तसाच रोखून धरी. कांडीचे टोक दुबाकडे केले की भारत बराचसा तिच्या बाजूला येतो, ही भूगोलाने आमच्यावर केलेली मेहेरबानी. राजकोट ऐकताना तिचा विशेष लाभ होई. कारखान्याच्या विजेच्या तारांची खरखर मात्र कोणत्याही कोनाला जुमानत नसे.

आकाशवाणीच्या परराष्ट्र सेवेचे हिंदी आणि मलयाळम कार्यक्रम आखातातल्या भारतीयांसाठी लघुलहरींवर रीतसर येत, पुष्कळदा स्वच्छही येत. आणि तरीही त्यांत माझे मन रमले नाही. त्यांतील निवेदक मला परदेशस्थ बंधू समजून बोले, आणि त्या आदरातिथ्यात मी परका असल्याचा दाखलाच जणू हाती पडे. मुंबई 'ब'ला माझी गंधवार्ता नव्हती. 'आपली आवड'मध्ये फर्माइश करणाऱ्यांची नावे आणि गावे वाचली जात, ती महाड, चिपळूण, कणकवलीच्या लोकांनी एकमेकांची ऐकावीत म्हणून. ती माझ्या कानी पडावीत अशी कुणाची योजना नव्हती, आणि नेमके म्हणूनच ती ऐकताना आपण घरातल्या माणसांच्या पंक्तीला बसलो आहोत असे वाटे. माझ्या मते या छंदाची खरी गोडी तेथे आहे. दूरच्या केंद्रांची नुसती यादी वाढविणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, हेवा वाटत नाही.

माझा खोलीतला सोबती माणगावचा, पण कुडाळ तालुक्यातल्या. एका रात्री निवेदिकेने "माणगाव" म्हटले आणि पुढच्याच क्षणी आवाज खोल विहिरीत उतरावा तसा उतरला. वर आला तेव्हा गाणे सुरू झालेले. हे माणगाव रायगडचे की सिंधुदुर्गाचे, यावर आमचा वाद जुंपला. त्याने घरी पत्र टाकले. उत्तर आले, की आपल्याकडून कुणी फर्माइश पाठविली नव्हती. आता मात्र पोस्टकार्ड धाडले आहे आणि त्यात तुझेही नाव घातले आहे. तेव्हापासून गृहस्थ संच सोडीना, पुठ्ठ्याला कुणाला हात लावू देईना, आणि माझ्या वाट्याची नाटके मला भिंतीकडे तोंड करून, त्याच्या कानाला लागलेल्या संचातून जेवढी झिरपतील तेवढीच, ऐकावी लागली.