ओमचा आकडा आणि मुलीचा कान

आम्ही मोटर रिवाइंडिंगच्या धंद्यातली माणसे. नागपुरात तेहतीस वर्षे पंखे, पाण्याचे पंप आणि कूलरच्या मोटरी बांधल्या. त्यामुळे घरात तारेचा किंवा कॉइलचा विषय निघाला की शेवटचा शब्द आमचा, असा आमचा समज होता. मागच्या उन्हाळ्यात तो समज आमच्याच मुलीने मोडला. झाले ते असे.

मुलगी एका खासगी शाळेत गणित शिकवते आणि सुटीच्या दिवशी चार सवंगड्यांबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवते. ते हेवी मेटल नावाचे संगीत आम्हाला कळते असे आम्ही म्हणणार नाही. नातेवाइकांत कुजबुज झाली, "मुलीने हे कशाला?" खरे सांगायचे तर त्या कुजबुज करणाऱ्यांत आम्हीही होतो. पहिल्या गिटारला आम्ही एक रुपया दिला नाही. तिने ती शिकवणीच्या पैशातून घेतली आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. म्हणून एका संध्याकाळी ती दुकानात येऊन म्हणाली, "बाबा, गिटारचा पिकअप बदलायचा आहे. पैसे आहेत माझ्याकडे. तुम्ही बसवून द्याल का?" तेव्हा हातातला पंखा आम्ही लगेच खाली ठेवला.

पिकअप म्हणजे काय, हे वाचकांना सांगितले पाहिजे. ती एक कॉइलच असते. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक इनॅमलच्या तारेचे हजारो वेढे. पंख्याला आम्ही ३६ गेजची तार वापरतो, ही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बारीक. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये चिमूटभर वीज उठते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला तोच नियम. ती वीज अँपमध्ये जाते आणि मोठी होऊन बाहेर येते.

पण कॉइल ही भोळी वस्तू. गिटारच्या तारेबरोबर ती भिंतीतल्या विजेचाही आवाज पकडते. आपल्याकडे ५० सायकलची वीज, म्हणून सतत एक घुर्रर्र चालू राहते. यावर अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या तंत्रज्ञाने तोड काढली. दोन कॉइली शेजारी ठेवायच्या, एकीचा चुंबक उलटा आणि तिचे वेढेही उलटे. बाहेरची घुरघुर दोन्हींत येते, पण एकमेकींविरुद्ध, म्हणून ती मरते. गिटारच्या तारेचा आवाज मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. पेटंटसाठी अर्ज १९५५ साली गेला, गिटारींत तो १९५७ पासून बसू लागला आणि पेटंट मिळाले १९५९ मध्ये. या जोडकॉइलला हंबकर म्हणतात. आम्ही आयुष्यभर कॉइली बांधल्या, पण इतकी सुंदर युक्ती आमच्या डोक्यात आली नसती, हे मोकळेपणाने कबूल करतो.

मुलीला हवा होता त्यातला हाय आउटपुट प्रकार, म्हणजे अँपला अधिक जोरात ढकलणारा. लव्हरच्या काळात आवाज फाटणे हा दोष होता. पुढच्या पिढीला तोच फाटका आवाज आवडू लागला आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन काढला. कारखान्यात बसवलेला पिकअप काढून त्या जागी बाजारातला दुसरा बसवायचा, ही चाल त्याच्यामुळे रुळली. इकडे कॅलिफोर्नियात सेमूर डंकनचा जेबी. या डंकनने १९७० च्या दशकात जेफ बेक या प्रसिद्ध वादकासाठी पिकअप बांधले होते, कंपनी त्याने नंतर काढली. मुलीच्या कागदावर ही दोन नावे होती. तिसरे इएमजी ८१, तेही गाजलेले, पण त्याच्या पोटात छोटा अँप असतो आणि त्याला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. गिटारमध्ये बॅटरीला जागा नव्हती, व्हॉल्यूमचे पॉटही २५ किलोओमचे नवे लावावे लागले असते. शिवाय जॅक खोचून ठेवला की बॅटरी संपत राहते. आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटची बॅटरी वेळेवर कुणी बदलत नाही. ते नाव तिनेच खोडले.

राहिले दोन. आम्ही माहितीपत्रकातले आकडे पाहिले. जेबी सुमारे १६.४ किलोओम, सुपर डिस्टॉर्शन सुमारे १३.७. गिटारमधल्या जुन्या पिकअपला मीटर लावला तर ८ च्या आसपास. आम्ही निकाल दिला, "जास्त ओम म्हणजे जास्त वेढे, जास्त वेढे म्हणजे जास्त जोर. जेबी घे." आणि जेबीच्या चार रंगांच्या तारा कुठे जोडायच्या याचा नकाशाही त्याच रात्री वहीत उतरवून ठेवला. हा नकाशा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे येणार आहे.

मुलगी म्हणाली, "बाबा, ओमवरून जोर कळतो का? तार बारीक असेल तर?"

तेहतीस वर्षांच्या वाइंडरला हा प्रश्न गणिताच्या बाईने विचारावा! पण बरोबर होता. तेवढ्याच वेढ्यांना दोन गेज बारीक तार घेतली की ओम साधारण दीडपट होतात, वेढा एकही वाढत नाही. हे आम्हाला माहीत नव्हते का? रोजचेच होते. पण गिटार म्हटल्यावर आमचे धंद्याचे ज्ञान कुठे गेले कोण जाणे. त्यात चुंबकही वेगळे. जेबीत अल्निको पाच, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेला. सुपर डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक, रेडिओच्या स्पीकरमागे जी काळी चकती असते त्या जातीचा. ओम कमी असूनही तो जोरात हटणारा नाही.

आणि जोर वाढवत नेला की सगळे चांगलेच होते, असेही नाही. वेढे वाढले की कॉइलचा इंडक्टन्स वाढतो आणि वरचा, टोकदार आवाज कापला जातो. गिटारपासून अँपपर्यंतची लांब केबल त्यात आणखी भर घालते. फार वेढ्यांचा पिकअप चिखलात चालल्यासारखा वाजतो, सहा तारा वेगळ्या ऐकू येत नाहीत. नुसता जोर हवा असेल तर तो अँपवरच्या गेनच्या बटणातही आहे, फुकट. पैसे मोजायचे ते आवाजाच्या जातीसाठी. हे वाक्य मुलीचे आहे, आम्ही आमचे म्हणून खपवत नाही.

मग एका दुपारी तिने ओळखीच्या दोन मुलांना गिटारी घेऊन घरी बोलावले. एकाच्या गिटारमध्ये जेबी, दुसऱ्याच्या सुपर डिस्टॉर्शन. अँप एकच, बटणे एकाच जागी. तिची आई चहा ठेवून दाराशी उभी राहिली, आम्ही पंख्याखाली. जेबीचा आवाज पुढे झेपावणारा, वरच्या अंगाला धार असलेला. एकेरी सूर लांबवले की अंगावर येत. सुपर डिस्टॉर्शन भरदार, छातीत बसणारा. लाकडे वेगळी असल्यामुळे ही तुलना अगदी चोख म्हणता येणार नाही. पण मुलीची गिटार मुळात चिरक्या आवाजाची आहे. तिने दोन्ही वाजवून पाहिल्या आणि म्हणाली, "माझ्या गिटारला धार पुष्कळ आहे, अंग नाही." तिची आई दारातून म्हणाली, "दुसराच बरा, पहिल्याने कान दुखले." सुपर डिस्टॉर्शन ठरला. तिच्या अर्ध्या महिन्याचा पगार गेला.

पिकअप आला तो एप्रिलच्या शेवटी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. मीटर लावला तर आकडा चौदाच्या वर! आम्हाला वाटले, कंपनीने काही वेढे बक्षीस दिले. नंतर आठवले, नागपूरचा उन्हाळा आहे. तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, वीस अंशांचा फरक पडला की आठ टक्के. मे महिन्यात सगळेच पिकअप पहिलवान दिसतील.

रात्री जेवणानंतर आम्ही वही उघडून सोल्डरिंगला बसलो. काळी तार गरम टोकाला, तांबडी आणि पांढरी एकत्र करून टेप, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डाग स्वच्छ, चकचकीत. अभिमानाने गिटार मुलीच्या हाती दिली. तिने तार छेडली आणि आवाज आला डासासारखा. बारीक, नाकातला. घुर्रर्र मात्र पूर्वीपेक्षा जास्त.

ती काहीच बोलली नाही. तिने गिटार भिंतीला टेकवली आणि अँपकडे पाहत बसली. उद्या त्याच गिटारवर कार्यक्रम, आणि पहिल्यांदाच मामा-मावशी ऐकायला येणार. आम्ही म्हणालो, "पिकअपच खराब निघाला." ती हळूच म्हणाली, "बाबा, एखादी कॉइल उलटी तर लागली नाही?"

आम्हाला राग आला, हे लपवत नाही. मोटरच्या स्टार्टिंग वाइंडिंगची टोके उलट लागली की मोटर उलटी फिरते, हे आम्ही दुकानातल्या पोरांना शिकवतो, आणि ही आम्हाला शिकवणार? पण घुरघुर वाढली होती, ती खोटे बोलत नव्हती. तार कमी, घुर्रर्र जास्त, म्हणजे लव्हरची युक्ती बरोबर उलटी झालेली. खोका उलटून पाहिला. तळाशी कंपनीचा कागद घडी न उलगडता पडला होता. वहीतला नकाशा जेबीचा, पिकअप डिमार्झिओचा, आणि दोन्ही कंपन्यांचे रंग वेगळे! डिमार्झिओत तांबडी गरम आणि काळी-पांढरी एकत्र. हिरवी तेवढी दोन्हींत अर्थला. आम्ही एक कॉइल उलटी जोडली होती.

अकरा वाजून गेले होते. आम्ही म्हणालो, "चूक आमची आहे. पिकअप चांगला आहे." मुलीने टॉर्च धरला, आम्ही दोन डाग सोडवून पुन्हा लावले. या वेळी तिने तार छेडली तेव्हा शेजारच्या घराचा दिवा लागला. मग तिने पेचकस घेऊन पिकअप थोडा खाली उतरवला. तारेच्या फार जवळ असला की आवाज दाटतो, आणि चुंबक तारेला ओढत राहतो. अर्धा आटा खाली, वाजवून बघ, पुन्हा अर्धा आटा. त्यात आणखी अर्धा तास गेला. या कामाला पैसे लागत नाहीत, आणि नवा पिकअप घेण्याआधी जुन्यावर ते करून बघायला हवे होते, असे ती म्हणाली. ते आधी सांगितले असते तर! असो.

कार्यक्रम झाला. मामा दुसऱ्या गाण्याला बाहेर जाऊन उभे राहिले, मावशी शेवटपर्यंत बसल्या. जुना पिकअप आम्ही दुकानात कपाटात ठेवला आहे, एखाद्या रविवारी उलगडून वेढे मोजायचा विचार आहे. गिटारचे मागचे झाकण उघडले तर आत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, मुलीच्या अक्षरात: तांबडी गरम, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थ. खाली सही आमची घेतली आहे.