दवात राहिलेली सुकेळी

८ फेब्रुवारी, आगाशी
काल रात्रभर वाळत घातलेली सुकेळी अंगणात उघडीच राहिली. राजेळी केळ्यांना दवाची चिकट ओल सुटली. पन्नास वर्षं दिवस कलला की आईच टोपल्या आत घेते, पण आज सकाळी मलाच विचारत होती, "बाहेर कोणी ठेवल्या गं?" दादा म्हणाला, "वय झालंय तिचं." साठी बुद्धी नाठी! एकदा असं म्हटलं की तपासायला काही उरतच नाही. आज त्या म्हणीचा मला राग आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आढळला. उरलेल्या त्र्याण्णवांचंही वय झालेलंच आहे ना?

१५ फेब्रुवारी, विरार
आईला तपासायला नेलं. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. आई दुसरीपर्यंत शिकलेली. पेन्सिल हातात घेऊन अवघडून बसली. त्यांनी कागद बाजूला सारला. हरियाणातल्या बल्लभगडला न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी १९९५च्या सुमारास हिंदीत एक चाचणी तयार झाली, म्हणाले. 'वाक्य लिहा'ऐवजी 'घराबद्दल काही सांगा'. वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याचं बघून मिटायचे. तसंच त्यांनी मराठीत विचारलं, अडलं तिथे मी आमच्या वाडवळी बोलीत. घराबद्दल आई भरभरून बोलली, विहिरीपासून सुरुवात करून. वार उलटे म्हणताना मात्र बुधवारी अडकली आणि पुढे गुरुवार म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला.
तीन शब्द लक्षात ठेवायचे होते: आंबा, खुर्ची, नाणं. थोड्या वेळाने म्हणाली, "आंबा, खुर्ची, गाणं." ती विसरली नव्हती, तिला ऐकूच तसं आलं होतं! घरात इतकी वर्षं आम्ही नुसता टीव्हीचा आवाज वाढवत राहिलो.

२२ फेब्रुवारी
थायरॉईड ठीक. बी-१२ बरंच कमी. साखरेसाठी ती बारा वर्षं मेटफॉर्मिन घेते, त्यानेही बी-१२ उतरतं. इंजेक्शनं सुरू झाली, डाव्या कानाला यंत्र लागेल. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे चौदा टाळता येण्याजोगे घटक 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४मध्ये मांडले, त्यांत बहिरेपण आहे. पण वारांचा गोंधळ डॉक्टरांनी सोडून दिला नाही. "ही नुसती चाळणी, निदान नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा या." दादाला मुद्दाम सोबत नेणार आहे.
संध्याकाळी आईने टोपल्या आत घेतल्या. सहापैकी पाच. सहावी मी उचलली नाही. तिच्या उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, "आई, अजून एक आहे."